आठ ओळींची कविता, लिहायच्या फक्त पाच

आज कोड नाही, कविता. घाबरू नका, आठच ओळींची आहे आणि त्यातल्या तीन तर चक्क कॉपी-पेस्ट.

प्रकाराचं नाव ट्रायोलेट. मूळ फ्रेंच, मध्ययुगातला. पुढे इंग्रजीत थॉमस हार्डीनेही ट्रायोलेट लिहिले. नियम असा: पहिली ओळ चौथ्या आणि सातव्या जागी जशीच्या तशी परत येते, दुसरी ओळ आठव्या जागी. तिसरी आणि पाचवी पहिलीशी यमक जुळवतात, सहावी दुसरीशी. बस.

आरतीतलं ध्रुवपद आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. कडवं संपलं की ते येणार, ठरलेलं. इथे मात्र ओळ मधेच परत येते, आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा सरकलेला हवा. तोच खरा खेळ.

मी याच्या नादी लागलो आजीमुळे. शेवटच्या दोन वर्षांत तिला काही आठवायचं नाही. दहा मिनिटांत चारदा एकच प्रश्न. मी वैतागायचो, खोटं कशाला बोलू. ती गेल्यावर लिहायला बसलो, तर मुक्तछंदात सगळं रडगाणंच व्हायला लागलं. मग लक्षात आलं, तिचा प्रश्नच तर परत येणारी ओळ आहे!

आजी विचारते, ‘जेवलास का रे?’
मी हो म्हणतो, ताट उचलतो.
विसरून गेली चेहरे सारे,
आजी विचारते, ‘जेवलास का रे?’
रिकाम्या खोलीत शिरतात वारे,
दाराशी तिचा पडदा हलतो.
आजी विचारते, ‘जेवलास का रे?’
मी हो म्हणतो, ताट उचलतो.

चौथ्या ओळीत ती सगळं विसरलीये, प्रश्न सोडून. सातव्या ओळीत ती नाहीच. आणि शेवटी मी ताट उचलतो ते न जेवताच. शब्द तेच आहेत, बदलल्या त्या मधल्या ओळी.

लिहिताना पहिल्या दोन ओळी आधी पक्क्या करा आणि त्या शेवट म्हणून वाचून बघा. शेवट म्हणून जमत नसतील तर फेकून द्या, कारण कविता त्यांच्यावरच संपणार आहे. यमकाचं म्हणाल, तर मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘तो’ला ‘तो’ फुकटात मिळतो. मीही घेतलाय, हसू नका. पण पाचव्या ओळीत आधी ‘आकाशात चमकले तारे’ होतं. ‘रे’ म्हटलं की तारे सगळ्यांनाच सुचतात. ते काढायला मला आठवडा लागला.

तुमच्या घरात कोण एकच वाक्य सारखं म्हणतं? ते पहिली ओळ म्हणून लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!