ओहोटीच्या वेळेवर चालणारी सफर

गोव्यात ‘रिव्हर क्रूझ’ म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती सांजवेळी पणजीच्या धक्क्यावरून सुटणारी, दिव्यांनी झगमगणारी आणि गाण्यांनी दणाणणारी बोट. तासाभरात ती समुद्राच्या दिशेने थोडे अंतर जाऊन परत येते. नदी तिथे केवळ नेपथ्य असते. त्याच मांडवीत होडीचे तोंड पूर्वेकडे वळवले, तर अगदी वेगळा प्रवास सुरू होतो. डाव्या हाताला चोडणचे खारफुटीचे रान लागते, पुढे दिवाडी येते, उजवीकडे जुन्या गोव्यातील चर्चचे मनोरे झाडांआड जातात आणि मग कुंभारजुव्याच्या कालव्याचे अरुंद तोंड दिसू लागते. राज्याची राजधानी जेमतेम एका तासाच्या अंतरावर असताना दोन्ही काठांवर मगरी ऊन खात पडलेल्या दिसाव्यात, असा जलमार्ग देशात क्वचितच असेल.

मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा हा कालवा सुमारे १७ किलोमीटर लांबीचा आहे. तिसवाडी तालुका चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे तो याच्यामुळेच. बाणस्तारीच्या पुलावरून फोंड्याकडे जाताना आपण तो दोन मिनिटांत ओलांडतो आणि विसरूनही जातो. जलवाहतुकीच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व जुने आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ वाळूचा दांडा धोकादायक होतो आणि नदीतून समुद्रात जाणे बंद पडते. अशा वेळी खनिजवाहू बार्ज याच कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव बंदर गाठत. २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि ही वर्दळ एकाएकी ओसरली. पुढे २०१६ च्या कायद्याने देशातील १११ राष्ट्रीय जलमार्गांत मांडवी (क्रमांक ६८) आणि झुआरी (क्रमांक १११) यांच्याबरोबर कुंभारजुव्यालाही २७ वा क्रमांक मिळाला. या पाण्याकडे पाहण्याची सरकारी नजर वाहतुकीची आहे, पर्यटन व्यावसायिकाची सहलीची. त्यात राहणाऱ्यांचा विचार बहुधा शेवटी होतो.

इथे राहणारी मगर ही ओडिशातील भितरकणिकेत किंवा सुंदरबनात आढळणारी खाऱ्या पाण्यातील मगर नव्हे. ती तळ्यांत, धरणांत, गोड्या पाण्याच्या नद्यांत आढळणारी साधी मगर आहे. आपल्याकडे तिला ‘मानगे’ म्हणतात. गोड्या पाण्यातील हा प्राणी भरती-ओहोटीच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, हेच कुंभारजुव्याचे वैशिष्ट्य. पावसाळ्यात म्हादईच्या खोऱ्यातून येणाऱ्या लोंढ्यामुळे हे पाणी जवळजवळ गोडे होते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र समुद्राचा खारटपणा पार आतपर्यंत शिरतो. म्हणूनच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या या नदीत वरून किती पाणी येते, हा प्रश्न लवाद आणि न्यायालयांपुरता उरत नाही. कालव्यातील पाण्याची चव त्यावरच ठरते. जुन्या राजधानीच्या रक्षणासाठी या मगरी मुद्दाम पाण्यात सोडल्या होत्या, अशी एक दंतकथा आहे. ती रंजक आहे, पण मगरींना इथे टिकण्यासाठी कोणा राजाच्या आज्ञेची गरज नव्हती. मासळीने भरलेले पाणी आणि चिखलाचा मऊ काठ त्यांना पुरेसा होता.

या चिखलातच सफरीचे सारे मर्म आहे. मगर शीतरक्ताची असल्याने शरीर तापवण्यासाठी तिला उन्हात पडून राहावे लागते आणि त्यासाठी उघडा काठ लागतो. भरतीच्या वेळी पाणी थेट तिवर आणि कांदळाच्या मुळांपर्यंत चढते. काठ उरतच नाही. ओहोटी लागली की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, निवट्या उड्या मारू लागतात, एक नांगी मोठी असलेले इवले खेकडे बिळांबाहेर येतात आणि थोड्या वेळाने ओंडका वाटावा असे काहीतरी सावकाश काठावर सरकते. ते जबडा उघडा टाकून पडले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. अंगातील जादा उष्णता बाहेर टाकण्याची ती रीत आहे.

भरती-ओहोटीचे हे चक्र रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सफरीची वेळ मात्र पत्रकावर कायमची छापलेली असते. आज सकाळी दहाच्या फेरीला ओहोटी मिळाली, तर आठवड्याने त्याच वेळी कालवा तुडुंब भरलेला असतो. आपल्या मच्छीमारांना हे तिथीवरून कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास माध्यान्हीला भरती येते, तर अष्टमीच्या आसपास त्याच सुमाराला ओहोटी. अष्टमीची ओहोटी फार खोल जात नाही हे खरे, परंतु थंडीच्या दिवसांत उन्हाची वेळ आणि उघडा चिखल यांचा मेळ तेव्हाच चांगला बसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कालनिर्णय पाहून दिवस ठरवणाऱ्याला जे दिसते, ते घड्याळ पाहून तिकीट काढणाऱ्याला दिसेलच असे नाही.

आणि दिसले नाही, की खरी अडचण सुरू होते. मगर दाखवण्याची हमी देऊन पैसे घेतलेले असतात. मग होडी काठाच्या अधिकाधिक जवळ नेली जाते, पडून राहिलेले जनावर हलावे म्हणून आवाज केले जातात, कोणी खाद्य फेकतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याला असे छेडणे हा गुन्हा आहे, पण त्यापलीकडेही एक हिशेब आहे. ऊन खाताना वारंवार उठवलेली मगर पाण्यात शिरते. तिचे शरीर तापत नाही आणि अन्न पचवणेही मंदावते. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिचा अंडी घालण्याचा काळ. काठावर खड्डा खणून ती त्यात अंडी पुरते आणि घरट्याच्या आसपास राखण करते. पर्यटनाचा हंगामही तेव्हा भरात असतो. खाद्य फेकण्याचे परिणाम तर याहून वाईट. माणूस म्हणजे अन्न, हे समीकरण मगरीला शिकवून पर्यटक आपल्या गावी निघून जातो. दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभा राहतो तो इथला शेतकरी.

कारण काठालगतची जमीन ओसाड नाही. मातीच्या बांधांनी समुद्राचे पाणी अडवून कसलेली ती खाजन शेती आहे. कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात तिथे पिकते आणि मानशीच्या दारांतून पाण्याची आवक-जावक राखली जाते. बांधाची डागडुजी, मानशीवरील मासेमारी, शिंपल्या वेचणे ही सारी कामे मगरीच्या वावरातच चालतात. बांध फुटला की खाऱ्या पाण्याबरोबर मगरही शेतात येऊ शकते. फोंडा तालुक्यातील दुर्भाटसारख्या नदीकाठच्या गावांत पौष अमावास्येला ‘मानगे थापणी’ होते ती याच भूमीवर. ओल्या मातीची मगर घडवून, तिच्या अंगावर शिंपले बसवून शेतकरी तिची पूजा करतात. तिला शत्रू न मानता बांधाची राखणदार मानण्याचा हा व्यवहार अभयारण्यांच्या कायद्यांहून फार जुना आहे. वेगाने जाणाऱ्या यांत्रिक होडीच्या लाटा नेमक्या याच मातीच्या बांधांवर आपटतात. खारफुटी त्या लाटा बऱ्याच अंशी झेलते, पण जिथे ती तोडली गेली आहे तिथे माती ढासळते.

म्हणून सफर निवडताना होडीवाल्याला दोनच प्रश्न विचारावेत. ओहोटी किती वाजता आहे आणि मगर जवळ दिसली तर इंजिनाचे काय करता? पहिल्याचे उत्तर ज्याला तोंडपाठ आहे आणि दुसऱ्यावर जो ‘बंद करतो’ असे म्हणतो, त्याच्या लहान होडीत बसायला हरकत नाही. मगर न दिसलेला दिवसही तिथे वाया जात नाही. लांबलचक लाल चोचीचा घोंग्या खंड्या कांदळाच्या फांदीवर असतो, ब्राह्मणी घार डोक्यावरून जाते, नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब मासे पकडताना दिसते. होडी परवडत नसेल त्याने रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जावे. तिथल्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा विस्तार अवघा १.७८ चौरस किलोमीटर आहे. तिथेही ओहोटीची वेळ आधी पाहून निघावे. भरतीला तिथला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी पांगतात.