धावल्याने वजन उतरते का?

स्मरणिकेसाठी दरवर्षी मी लसीकरण, बालआहार किंवा पावसाळ्यातील ताप अशा विषयांवर लिहीत आलो आहे. यंदाचा विषय मला एका बालरुग्णाने दिला.

चार वर्षांपूर्वी बारा वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील माझ्याकडे घेऊन आले होते. उंचीच्या मानाने वजन बरेच अधिक होते आणि मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा उमटला होता. इन्सुलिनचा प्रभाव कमी होत असल्याचे ते लक्षण. मी सवयीने सांगून टाकले, ‘‘याला रोज पहाटे पळवा, वजन उतरेल.’’ वडील शब्दाचे पक्के. दुसऱ्याच दिवसापासून कोठी रोडवर मुलगा पुढे आणि वडील स्कूटरवर मागे, असा क्रम सुरू झाला. दर रविवारी वजनकाटा. तीन महिन्यांनी आई त्याला घेऊन आली. मुलगा पहाटे उठवले की रडतो, शाळेतील खेळाचा तास चुकवतो आणि चोरून खातो, असे त्या माउलीने सांगितले. वजन दोन किलोने वाढले होते. मी काही बोलण्यापूर्वीच मुलाने विचारले, ‘‘डॉक्टरकाका, तुम्ही रोज किती पळता?’’

माझे वजन त्या वेळी ८८ किलो होते आणि महाविद्यालय सोडल्यापासून मी एक किलोमीटरही धावलो नव्हतो. त्या मुलाला मी उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन प्रथम वाचन केले आणि मग धावण्यास आरंभ केला. त्यातून जे उमगले, ते येथे मांडतो.

धावण्याचे गणित

धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. वेग कमी-जास्त केला तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही. ८८ किलोचा मनुष्य चार किलोमीटर धावला की सुमारे ३५० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा असतो. म्हणजे आहार अगदी तोच ठेवला, तर एक किलो उतरण्यास बावीस दिवस लागावेत.

माझ्या बाबतीत दोन महिन्यांत जेमतेम सातशे ग्रॅम उतरले. कारण शोधण्यास दूर जावे लागले नाही. धावून झाल्यावर आमची मित्रमंडळी फ्रीगंजात पोहे-जिलेबीसाठी जमत असे. शेव घातलेली पोह्यांची बशी आणि दोन-तीन जिलेब्या यांत त्या ३५० कॅलरी सहज भरून निघतात, किंबहुना थोड्या अधिकच होतात. अर्ध्या तासाचे श्रम दहा मिनिटांत फिटत होते!

शिवाय शरीरही आपल्या परीने काटकसर करते. व्यायामाने काहींची भूक वाढते. सकाळी धावलेला मनुष्य दुपारी नकळत अधिक वेळ बसून राहतो. आणि वजन उतरू लागले की हलक्या शरीरास त्याच अंतरासाठी कमी ऊर्जा पुरते. टांझानियातील हाड्झा नावाची जमात आजही शिकार करून व कंदमुळे गोळा करून जगते. हर्मन पाँट्झर या मानवशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये त्यांचा दैनंदिन ऊर्जाव्यय मोजला. शरीराच्या आकारमानाचा विचार करता तो शहरी अमेरिकन माणसाच्या इतकाच भरला. तात्पर्य, केवळ श्रम वाढवून वजन हवे तेवढे उतरविता येत नाही.

आपल्या उज्जैनचेच उदाहरण पाहावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये येथील कार्यक्रमात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी खासदार अनिल फिरोजिया यांना जाहीर आव्हान दिले : जितके किलो वजन उतरवाल, तितके हजार कोटी रुपये विकासकामांसाठी देईन. फिरोजिया यांचे वजन तेव्हा १२७ किलो होते. जूनपर्यंत पंधरा किलो आणि ऑक्टोबरपर्यंत बत्तीस किलो उतरल्याचे त्यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी हजार कोटींचा मथळा केला. मला मात्र त्यांच्या दिनक्रमात अधिक रस वाटला. पहाटे साडेपाचला उठून चालणे, धावणे, व्यायाम व योगासने. आणि त्याच्या जोडीला हलकी न्याहारी, जेवणात कोशिंबीर, हिरव्या भाज्या आणि मिश्र धान्याची एकच पोळी. धावण्याला आहाराची जोड होती, म्हणून काटा हलला.

मग धावावे कशासाठी?

कारण धावण्याचा लाभ काट्यावर दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. वजन फारसे न बदलताही पोटाच्या आतील, यकृताभोवतालची घातक चरबी कमी होऊ शकते. अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांचा सरासरी पंधरा वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. धावणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू न धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले आणि रोज पाच-दहा मिनिटे सावकाश धावणाऱ्यांतही हा लाभ दिसला. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यातही नियमित व्यायामाचा वाटा मोठा असतो.

आपणा भारतीयांना तर याची गरज अधिक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! याचे मूळ जन्मापूर्वीच असते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण मात्र टिकून असलेले आढळले. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ झाला की वजन अधिक आणि २५ झाला की स्थूलता समजावी, असे ठरले आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

प्रौढांनी सुरुवात कशी करावी?

मी केली तशी करू नये. पहिल्याच आठवड्यात रोज चार किलोमीटर धावल्याने माझा डावा गुडघा धरला आणि तीन आठवडे घरी बसावे लागले. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर येतो. हृदय व दम लवकर तयार होतात. स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात.

चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास, आधी तपासणी करून घ्यावी. आपण डॉक्टर मंडळी स्वतःच्या बाबतीत हे टाळतो, हे मी अनुभवाने सांगतो. पहिला महिना केवळ झपाझप चालावे. पुढे एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे, एक दिवसाआड. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग अधिक आहे. छातीत दडपण, डाव्या हातात वेदना किंवा अवाजवी दम वाटल्यास तत्काळ थांबावे. माळव्यातील उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीच आटोपावे.

आणि मुले?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाकाठी सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल हवी. ती खो-खो, कबड्डी, लंगडी, सायकल, पोहणे यांतून मिळावी. धावणे हा मुलांचा स्वभावच आहे. त्याची शिक्षा केली की ते त्यास कायमचे दुरावतात. वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरविण्याची गरजही नसते. वजन स्थिर ठेवून उंची वाढू द्यावी. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते याच कामी उपयोगी पडतात. वजन फार अधिक असल्यास किंवा मानेवर तो काळसर पट्टा दिसल्यास मात्र बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

त्या मुलाच्या घरी आम्ही दोन बदल केले. वडिलांनी स्कूटर घरी ठेवून संध्याकाळी मुलासोबत मैदानावर जावयाचे, आणि शीतपेये व शेव-फरसाण यांचे डबे सर्वांसाठीच बंद. घरातील वजनकाटा आईने माळ्यावर ठेवून दिला. वर्षभरात मुलाची उंची सात सेंटिमीटरने वाढली, वजन तेवढेच राहिले आणि मानेवरील पट्टा फिका झाला. वडिलांचे मात्र सहा किलो उतरले.

माझे वजन आज ७९ किलो आहे. पोहे आता महिन्यातून एकदा, जिलेबीखेरीज. मध्यंतरी कोठी रोडवर तो मुलगा भेटला, आणि त्याचा जुना प्रश्न त्याने पुन्हा विचारला. ‘‘तीन किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस,’’ मी उत्तर दिले. या वेळी ते देता आले, याचे समाधान वाटले.