पाचवीचा कोरा कागद

परवा शेजारी पाचवीची पूजा होती. पाटा-वरवंटा मांडला होता, जवळ कोरा कागद नि लेखणी. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं सारं आयुष्य लिहून जाते, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. एखाद्याला गरिबी 'पाचवीला पुजलेली' म्हणतो, ते यावरूनच. हल्ली लेखणीच्या जागी बॉलपेन असतं, एवढाच काय तो फरक!

धाकटा माझ्याबरोबर होता. तो अडीच वर्षांचा असतानाची गोष्ट. वीज गेलेली, म्हणून आंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं, पातेलं वाटेतच खाली ठेवलं आणि दूध उतू जातंय म्हणून वळले. तेवढ्यात त्याचा हात पाण्यात! मी टूथपेस्ट शोधत धावले. डॉक्टर रागावले. भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, हे मला ठाऊकच नव्हतं.

रात्री सासूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नकोस गं. लिहिलेलं चुकतं का कुणाला?" खरं सांगू? त्या शब्दांनीच मला झोप लागली. त्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. पण आठ दिवसांनी पुन्हा वीज गेली, तर मी तेच पातेलं त्याच जागी ठेवत होते! सासूबाईंनीच पुढे होऊन ते उचललं आणि एक शब्द न बोलता ओट्यावर मागे सरकवलं.

शाळेत मी संस्कृत शिकवते. गीतेच्या १८व्या अध्यायात प्रत्येक कर्माची ५ कारणं दिली आहेत: देह, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेची खटपट आणि दैव. दैव आहे, पण पाचवं! सगळं मीच एकटी करते असं मानणाऱ्यालाही तिथेच अडाणी ठरवलंय. प्रत्येक दुखणं स्वतःच्या माथी घेणाऱ्या बायकांनी तेही वाचावं. आणि सारा उपदेश झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, नीट विचार कर, मग तुला वाटेल तसं कर. सगळं आधीच लिहिलेलं असतं, तर ही मुभा कशाला?

पूजा आटोपल्यावर बाळंतिणीचं लक्ष धाकट्याच्या हातावरच्या रुपयाएवढ्या डागाकडे गेलं.

"काय हो वहिनी, हे कशानं झालं?"

"मी गरम पाणी खाली ठेवलं होतं," मी म्हटलं.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.