काकूंचे अभंग आणि घरच्या स्टुडिओचं सॉफ्टवेअर

बेंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात आमच्या समोर राहणाऱ्या काकू बरीच वर्षं भजनाचे वर्ग घेतात. एकदा त्यांनी विचारलं, "पाच अभंग घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचेत. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मुलगा म्हणतो, महागातलं घे, म्हणजे प्रश्न मिटला." प्रश्न तसा मिटत नाही. त्यांच्या शेजारी बसून जे करत गेलो, ते इथे त्याच क्रमाने सांगतो. आपल्याला यातलं काहीच ठाऊक नसलं तरी अडणार नाही.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय, ते पाहू. फोनवर रेकॉर्ड केलं की गळा, पेटी, तबला सगळं एकत्र कालवलं जातं. पेटी मोठी झाली तर ती नंतर वेगळी कमी करता येत नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःची ओळ मिळते. त्या ओळीला ट्रॅक म्हणतात. तबला आज, गळा उद्या, टाळ परवा, असं एकेक करून भरता येतं आणि शेवटी सगळ्यांचं प्रमाण जुळवता येतं. अशा सॉफ्टवेअरला या क्षेत्रातले लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डॉ' म्हणतात.

आता कागद घ्या आणि आपल्या गाण्याला किती ट्रॅक लागतील ते लिहा. काकूंची यादी अशी झाली: गळा, तंबोरा, पेटी, तबला, टाळ आणि मागे म्हणणारे दोन आवाज, म्हणजे सात. दायाँ-बायाँला वेगळे माइक लावले तर आठ. 'प्रो टूल्स इंट्रो' ही एका नामांकित सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आहे आणि तिच्यात आवाजाचे आठच ट्रॅक मिळतात. काकूंचं त्यात जेमतेम भागलं असतं. गळ्याचा दुसरा प्रयत्न शेजारी ठेवायचा म्हटलं की अडलं असतं. फुकट आवृत्तीला कुंपण नेमकं कुठे आहे, हे आपली यादी हातात असल्याशिवाय कळत नाही.

तंबोऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तो याच शहराचा विषय आहे. बेंगळुरूच्या राडेल कंपनीचे जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादक. त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक श्रुती पेटी घडवली. आज घरोघरी दिसणारी तंबोऱ्याची पेटी त्याच वाटेने आली. अशी पेटी गाताना शेजारी वाजत ठेवू नका. तिचा आवाज गळ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि मग गळ्यातली एखादी ओळ कापून बदलायला गेलात की तंबोराही तिथे तुटलेला ऐकू येतो. तिला स्वतंत्र ट्रॅक द्या आणि गाताना ती हेडफोनमधून ऐका.

पुढचा टप्पा घरात असलेल्या संगणकाचा. मॅक असेल तर शोध जवळजवळ संपला. 'गॅरेजबँड' ॲपल २००४पासून देत आलं आहे. ते फुकट आहे आणि अभंगाला पुरून उरतं. विंडोज असेल तर निवड करावी लागते.

'ऑडॅसिटी' फुकट आहे, त्याचा मूळ प्रोग्राम कुणालाही पाहायला-बदलायला खुला आहे आणि २०००पासून लोक ते वापरत आहेत. एक आवाज रेकॉर्ड करायचा, खोकला कापायचा, जुनी कॅसेट संगणकावर घ्यायची, यासाठी मी आजही तेच उघडतो. पण की-बोर्ड जोडून संगणकातली वाद्यं वाजवायची आणि ते वादन टिपायचं काम त्याच्याकडून होत नाही. सात-आठ ट्रॅक एकत्र जुळवतानाही मला ते अवघडच वाटलं.

'रीपर' हे जस्टिन फ्रँकेल यांचं. एके काळी घरोघरच्या संगणकांवर गाणी वाजवणारं 'विनॅम्प' त्यांनीच लिहिलं होतं. रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरना मिळतो, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडं वर. ट्रॅकला मर्यादा नाही, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. उणीव एवढीच की आत तयार वाद्यं जवळपास नाहीत. खरा तबला आणि खरी पेटी असणाऱ्याला ती उणीव जाणवतही नाही. काकूंसाठी आम्ही हेच घेतलं.

माइक संगणकाला जोडण्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. ती घेण्याआधी खोक्यावर नीट वाचा. अनेक इंटरफेससोबत एखाद्या महाग सॉफ्टवेअरची लहान आवृत्ती मिळते. ती आधी वापरून पाहा. कदाचित वेगळा खर्च करावाच लागणार नाही.

चोरीच्या प्रती कुणी हातात ठेवल्या तर घेऊ नका. त्यांतून व्हायरस येतात, शिवाय ऐन कामात त्या बंद पडल्या तर दाद मागायला कुणी नसतं.

आता ज्या जागी सर्वांत जास्त लोक हिरमुसतात, तिथे येऊ. काकूंनी तबला भरला, हेडफोन लावला आणि गायला लागल्या. प्रत्येक वेळी सम किंचित मागे पडत होती. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आता वय झालं, लय सुटायला लागली." मला फार वाईट वाटलं, कारण त्यांची लय जागेवर होती. चूक यंत्राची होती.

संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही. छोटी बादली भरली की ती पुढे ओततो. या बादलीला बफर म्हणतात आणि ती भरेपर्यंत होणाऱ्या उशिराला लेटन्सी. संगणक सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेत असेल आणि बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर एकदा भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे चाळिसाच्या वर. हाच बफर १२८ केला तर एकदा भरायला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. तुलनेसाठी बैठक डोळ्यांसमोर आणा: तबलजी तीन मीटर दूर बसला असेल तर त्याचा ठेका हवेतून कानापर्यंत यायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर आपला कान सहज सामावून घेतो. चाळीस मात्र खुपतात.

म्हणून गाताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा. आवाज तडतडला तर एक पायरी वर जा. गाणं भरून झालं आणि नुसतं प्रमाण जुळवायचं राहिलं, की १०२४ करायला हरकत नाही. विंडोजवर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'असिओ' हा पर्याय निवडा आणि इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर टाका. बऱ्याच इंटरफेसवर गळा संगणकात न नेता थेट हेडफोनला ऐकवणारं बटण असतं, ते वापरलं तर उशिराचा प्रश्नच राहत नाही. ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाही. त्याचा स्वतःचा उशीर बफरच्या उशिराहून कितीतरी जास्त असतो. काकूंकडे यांतल्या दोन चुका होत्या. त्या सुधारल्या आणि सम पहिल्याच प्रयत्नात जागेवर आली.

दुसरी अडचण तालाची. ही सॉफ्टवेअर उघडतात तीच बहुधा चार मात्रांचं माप आणि मिनिटाला १२० ठोके धरून. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणून तो त्यात बसून जातो. दादऱ्याला माप सहा करा, रूपकाला सात, झपतालाला दहा. रूपकात आणखी एक गोष्ट सांभाळा: त्याची सम 'खाली'च्या, म्हणजे बिनटाळीच्या, मात्रेवर असते, पण यंत्राचा टिकटिकाट पहिल्या मात्रेवरच सर्वांत मोठा वाजतो. गाणारा त्याने बावचळतो. पहिल्या ठोक्याचा जोर सेटिंगमध्ये कमी करा. विलंबितासाठी टिकटिक बंदच ठेवा आणि तबलजीवर विसंबा.

याच्या जोडीला 'स्नॅप' नावाची सोय असते. कापलेला तुकडा ती ओढून जवळच्या ठोक्यावर बसवते. आपल्या गाण्यात शब्द ठोक्याच्या आगेमागे मुद्दाम टाकलेला असतो, म्हणून ती बंद करा. सूर आपोआप 'दुरुस्त' करणारे प्लग-इन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, यांच्याबाबतीतही माझं मत ठाम आहे. ते सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात. मींड त्यांना चूक वाटते आणि दरबारीचा आंदोलित गंधार ते सरळ करून टाकतात.

आवाजाची पातळी जपून ठेवा. पडद्यावरच्या मापाचा शून्य हा कडेलोट आहे. तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. सर्वांत उंच तान उणे १२ ते उणे ६च्या दरम्यान राहील असं बघा. २४ बिट निवडलंत तर थोडं हळू रेकॉर्ड झालेलंही नंतर स्वच्छ मोठं करता येतं.

पैसे भरण्यापूर्वी एक अख्खं गाणं पूर्ण करा, अर्धं नाही. खिडकीबाहेरच्या झाडांवर कोकिळा कधी गप्प असतात, पंखा बंद करून किती वेळ बसवतं, हेही त्याच एका गाण्यात कळतं.

गाणं झालं की प्रत्येक ट्रॅक अगदी शून्य सेकंदापासून वेगळी 'वेव्ह' फाइल म्हणून बाहेर काढा आणि नावं मराठीत स्पष्ट लिहा. ४८,००० नमुने आणि २४ बिट असेल तर एका ट्रॅकचं एक मिनिट सुमारे साडेआठ एमबी होतं, म्हणजे काकूंचा सहा मिनिटांचा, आठ ट्रॅकचा अभंग चारशे एमबीच्या आसपास. हे श्रम वाया जात नाहीत. २०१७मध्ये गिब्सन कंपनीने 'केकवॉक' या जुन्या सॉफ्टवेअरचं काम अचानक थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून वापरणाऱ्यांची सुटका झाली. दर वेळी असं घडेलच असं नाही. वेव्ह फाइल मात्र कुठलंही सॉफ्टवेअर उघडतं.

काकूंनी सत्तावन्नाव्या दिवशी ६० डॉलर भरले. तोवर दोन अभंग पूर्ण झाले होते. आता तिसऱ्याचा तबला भरून तयार आहे, आणि त्यांच्या टेबलावर त्या दोन अभंगांची एक हार्डडिस्क आहे, दुसरी मुलाकडे.