अरबी समुद्र न सोडणारा देवमासा

डिसेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातातून हंपबॅक जातीची एक मादी निघाली आणि पूर्वेकडे पोहू लागली. महिनाभरापूर्वीच शास्त्रज्ञांनी तिच्या पाठीत एक छोटं यंत्र बसवलं होतं. २०१४ पासून ओमानच्या पाण्यात तिच्या काही भाऊबंदांनाही अशी यंत्रं लावून झाली होती, पण ते सगळे अरबस्तानच्या किनाऱ्याच्या आसपासच फिरत राहिले. ही मात्र थांबेना. सुमारे दीड हजार किलोमीटरचा खुला समुद्र ओलांडून ती गोव्याच्या दिशेने आली, किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वळली, भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा समुद्र कापून ओमानला परतली. तिचं नाव लुबान. तिच्या जातीच्या देवमाशाने अरबी समुद्र आडवा पार केल्याची ही पहिलीच पक्की नोंद.

इंदुरात बसून देवमाशावर लिहायचं म्हणजे अनेकांना नवल वाटेल. आपल्या पाहुण्यांची यादी वेगळी. सिरपूर आणि यशवंत सागर ही आपली दोन्ही तळी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली. थंडी पडू लागली की उत्तरेकडून येणारे चक्रवाक आणि इतर बदकं तिथे उतरतात, आणि दुर्बीण असली की काठावरून दिसतातही. देवमाशाचं स्थलांतर याहून कितीतरी लांबचं, पण सगळं पाण्याखाली चालतं. त्याचा माग काढायला माणसाला शंभर वर्षं झटावं लागलं. आणि ज्या वाऱ्यामुळे माळव्यात पाऊस पडतो, त्याच वाऱ्यावर लुबानच्या जातीचा संसार चालतो. म्हणून हा विषय मला दूरचा वाटत नाही.

आधी जगभरातल्या हंपबॅकची रीत सांगते. उन्हाळ्यात हे देवमासे ध्रुवाजवळच्या थंड समुद्रात असतात. तिथे कोळंबीसारखे क्रिल नावाचे जीव आणि लहान मासे यांचे थवेच्या थवे मिळतात. चार-पाच महिने पोटभर खायचं, कातडीखाली चरबी साठवायची आणि हिवाळा आला की विषुववृत्ताकडे निघायचं. उबदार पाण्यात जोड्या जमतात, पिल्लं होतात. तिथे खायला मात्र जवळजवळ काही नसतं. अकरा-बारा महिन्यांच्या गरोदरपणानंतर जन्मलेलं, जवळपास टनभर वजनाचं पिल्लू आई त्या साठवलेल्या चरबीच्या जोरावर पाजते, आणि स्वतः उपाशी राहून त्याला घेऊन पुन्हा हजारो किलोमीटर थंड समुद्राकडे जाते. अंटार्क्टिकाजवळ खाणारे काही हंपबॅक मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन वितात. एका बाजूचा हा प्रवासच आठ हजार किलोमीटरहून जास्त होतो.

हे कळलं कसं? सुरुवात क्रूर होती. १९३० च्या दशकात ब्रिटिशांच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेतले लोक क्रमांक कोरलेल्या पोलादी नळ्या बंदुकीने देवमाशांच्या अंगात मारत. पुढे कधीतरी तो देवमासा शिकाऱ्यांच्या हाती लागला आणि कापताना नळी सापडली, तर ती परत पाठवणाऱ्याला बक्षीस मिळे. नळी कुठे मारली आणि कुठे सापडली, या दोन टिंबांमधली रेघ म्हणजे त्याचा प्रवास. प्रवास कळण्यासाठी प्रवासी मरावा लागे.

पुढे शेपटी कामाला आली. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उभी करतो आणि क्षणभर तिची खालची बाजू पूर्ण दिसते. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते, कडा खाचाखोचांच्या असतात, शार्कच्या किंवा किलर व्हेलच्या दातांचे ओरखडे असतात. दोन देवमाशांच्या शेपट्या सारख्या नसतात. म्हणून एक चांगला फोटो आणि त्याची तारीख व ठिकाण एवढ्यावर त्या जनावराची ओळख पटते. आता जगभरचे पर्यटक, नावाडी आणि अभ्यासक ‘हॅपीव्हेल’ या संग्रहात फोटो टाकतात आणि संगणक जुळण्या शोधतो. कोलंबियाच्या किनाऱ्यावर फोटो काढलेला एक नर २०२२ मध्ये थेट झांझिबारजवळ सापडला तो असाच. दोन ठिकाणांमधलं अंतर तेरा हजार किलोमीटरच्या वर. एरवी आपल्या ठरलेल्या विणीच्या जागी परतणारा हा प्राणी एका महासागरातून दुसऱ्यात का गेला असावा, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे.

फोटोने दोन टोकं कळतात, मधली वाट कळत नाही. ती उपग्रहाने कळते. हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. एक छोटी रबरी बोट देवमाशाच्या मागोमाग, अंतर राखून चालते. तो श्वासाला वर आला की पुढच्या टोकावर उभा असलेला माणूस हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने काही मीटरवरून नेम धरतो. यंत्र पाठीवरच्या पंखाजवळ आत रुतून बसतं आणि बाहेर राहते फक्त बारीक तारेसारखी अँटेना. त्याच वेळी दुसरा जण शेपटीचा फोटो घेतो, तिसरा नखाएवढा कातडीचा तुकडा मिळवतो. त्यावरून नर की मादी आणि वंश कोणता हे कळतं. सगळा खेळ काही सेकंदांचा. नेम चुकला किंवा यंत्र नीट बसलं नाही, तर दिवसभराची मेहनत वाया.

खारं पाणी रेडिओलहरींना अडवतं, म्हणून यंत्र पाण्याबाहेर आलं की मगच बोलतं. त्याला एक जाणीवकळ असते. पाणी लागलं की बंद, हवा लागली की चालू. वर आठशे किलोमीटरच्या आसपास ‘आर्गोस’ यंत्रणेचे संकेतग्राहक वाहणारे उपग्रह ध्रुवाध्रुवांवरून फिरत असतात. रेल्वेगाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तसा उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना संकेताच्या लहरीत फरक पडतो. त्या फरकावरून जागा काढतात. एखादा संकेत पुरत नाही. उपग्रह माथ्यावरून जाण्याच्या दहा-बारा मिनिटांत देवमाशाने चार-दोन वेळा तरी वर यायला हवं. बहुतेक यंत्रं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गळून पडतात.

यात एक गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या ‘सरल’ उपग्रहावर आर्गोसचा ग्राहक होता, आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला गेलेल्या ‘ईओएस-०६’ वरही आहे. समुद्रातल्या प्राण्यांचा माग काढण्याच्या या जागतिक कामात इस्रोचा हात आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आता अरबी समुद्राकडे वळू. इथले हंपबॅक वेगळे आहेत, ही शंका शास्त्रज्ञांना होती, पण पुरावा मिळाला तो एका हत्याकांडातून. १९६६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारतासमोरच्या पाण्यात अवघ्या काही आठवड्यांत दोनशेहून जास्त हंपबॅक मारले. आदल्या वर्षीचे चार धरले तर एकूण २४२. मॉस्को त्या काळात देवमाशांच्या शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे आकडे देत होतं. दक्षिण गोलार्धात मारलेले हंपबॅक ४८ हजारांच्या वर होते, दाखवले २,७१०. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खरे कागद बाहेर आले, आणि शास्त्रज्ञ युरी मिखालेव्ह यांनी १९९७ मध्ये अरबी समुद्रातल्या त्या शिकारीची जहाजावर झालेली मोजमापं छापली.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, पोटं माशांनी आणि क्रिलने भरलेली होती, म्हणजे हे देवमासे उष्ण कटिबंधातच जेवत होते. दुसरी, गर्भांच्या वाढीवरून वीण उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात ठरलेली दिसली, म्हणजे ते दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. थोडक्यात, ज्या समुद्रात खातात त्याच समुद्रात वितात. पुढे कातडीच्या तुकड्यांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने सांगितलं की हा कळप सुमारे ७० हजार वर्षं इतरांपासून तुटलेला आहे. इतर महासागरांतला हंपबॅक दर वर्षी ध्रुवाच्या वाटेला लागतो, हा लागत नाही. लुबान ओमान सोडून भारतापर्यंत आली, तरी आपला समुद्र सोडून गेली नाही.

या उष्ण समुद्रात एवढं अन्न येतं कुठून, याचं उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. जूनपासून नैर्ऋत्येचा जोरदार वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं, आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट अशी भरपूर पोषकद्रव्यं असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर लहान जीव, त्यांवर तारल्यासारखे मासे, आणि त्यांवर देवमासा. तोच वारा पुढे वाफ घेऊन भारतावर येतो. माळव्यातल्या सोयाबीनला लागणाऱ्या पावसात, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर, त्याचाही वाटा असतो. जलूदहून चढवून आपण इंदूरकर जिचं पाणी पितो, ती नर्मदाही शेवटी भडोचजवळ याच समुद्राला मिळते. आणखी मागे गेलं तर धार जिल्ह्यात बागच्या आसपास खडकांत शार्कचे दात आणि समुद्री जीवांचे जीवाश्म मिळतात. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रच या खोऱ्यात शिरला होता. तेव्हा देवमासे नव्हते. त्यांचे पूर्वज बरेच नंतरचे, आणि त्यांतल्या काहींची हाडं कच्छमध्ये सापडली आहेत.

आपल्या किनाऱ्यावरची नोंद मात्र विरळ आहे. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनियंत्रांनी हंपबॅक नरांचं गाणं टिपलं आहे आणि केरळसमोरही ते ऐकू आलं आहे. हे गाणं मुख्यतः विणीच्या दिवसांत ऐकू येतं, त्यामुळे हा किनारा त्यांच्या संसाराचा भाग असावा असं मानायला जागा आहे. लक्षद्वीपच्या पाण्यात निळ्या देवमाशाचं गाणं नोंदलं गेलं. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ अभ्यासकांना निळे देवमासे दिसले, तेव्हा महाराष्ट्राला कितीतरी दशकांनी त्यांचं दर्शन झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. गावकरी, वनखातं आणि जीवरक्षकांनी दोन दिवस खपून त्याला खोल पाण्यात नेलं, पण ते जगलं नाही. ज्या किनाऱ्यावर देवाला नारळ वाढवून आपण समुद्रात पाय भिजवतो, तिथपर्यंत हे प्राणी येतात.

लुबानची जात फार थोडी उरली आहे. ओमानच्या पाण्यातल्या पाहणीवरून २०११ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो ८२ जनावरांचा होता. कित्येकांच्या शेपटीच्या देठावर जाळ्यांचे व्रण दिसतात. मोठमोठी व्यापारी जहाजं त्याच पाण्यातून जातात. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, आपल्या वन्यजीव कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिलं, २०१८ मध्ये केंद्राच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात अरबी समुद्रातल्या हंपबॅकचं नावही आलं. कागदोपत्री बरंच झालं आहे. माझं मत असं की खरा आधार कोळ्यांचा आहे. पाकिस्तानात मच्छीमार तांडेलांना साध्या प्रशिक्षणावर देवमाशांच्या नोंदी करायला शिकवलं, आणि त्यातून किती तरी हंपबॅक कळले. महाराष्ट्राने २०१८ च्या अखेरीस, जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. ती चांगली आहे. तिच्या जोडीला त्या मच्छीमाराच्या मोबाइलमधल्या फोटोचीही किंमत व्हायला हवी. उपग्रहाचं यंत्र महाग असतं आणि काही आठवड्यांत गळून पडतं. रोज समुद्रात जाणारा माणूस वर्षानुवर्षं तिथेच असतो.

दिवाळीच्या सुटीत इंदुरातली कितीतरी मराठी घरं कोकणात आणि गोव्यात जातात. बोटीतून देवमासा दिसला तर नावाड्याला त्याच्यामागे पळवू नका. इंजिन मंद ठेवायला सांगा, शेपटी वर येईल तेव्हा तिच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या, तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि वनखात्याला किंवा अभ्यासकांना कळवा. किनाऱ्यावर जिवंत देवमासा अडकलेला दिसला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका, डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाऊ देऊ नका, अंग ओल्या कापडाने झाका, गर्दी लांब ठेवा आणि महाराष्ट्रात असाल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.