जिप्सीच्या पोटाखाली

जुनी जिप्सी घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर बघतो, बॉडीवर बोटं वाजवून पुट्टी कुठे मारलीय याचा अंदाज घेतो. त्यानं खरं तर शर्ट मळवायची तयारी ठेवून गाडीखाली शिरायला हवं. मारुती जिप्सीच्या इंजिनाच्या तक्रारी तुलनेनं थोड्या. गाडी छळते ती खालून: दोन सलग अ‍ॅक्सल, तीन प्रोपेलर शाफ्ट, चार चाकांवरचे पाटे आणि जागोजागी बसवलेले ऑइल सील.

ही गाडी भारतात आली डिसेंबर १९८५मध्ये, मारुती ८०० नंतर दोन वर्षांनी. मूळ सुझुकीची एसजे-४१०, लांब व्हीलबेसची. ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, साधारण ४५ अश्वशक्ती, कार्ब्युरेटर आणि चार गिअर. १९९३मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलं आणि गाडी रस्त्यावर जरा बूड टेकून बसू लागली. १९९६मध्ये १२९८ सीसीची पाच गिअरवाली ‘जिप्सी किंग’ आली, २०००मध्ये तिला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय मिळालं, ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. खालचा सांगाडा मात्र तोच राहिला. शिडीसारखी चासी, पुढे-मागे पाटे, आणि ड्रायव्हरनं दांडा ओढल्याशिवाय पुढच्या चाकांना ताकद न देणारी फोर-व्हील ड्राइव्ह. २०१९च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी विक्री थांबली, त्यामुळे आता बाजारात दिसते ती प्रत्येक जिप्सी कुणीतरी वापरलेली.

कुणी वापरली, हा पहिला प्रश्न. लष्कराच्या लिलावातून निघालेली गाडी कमी धावलेली असते, पण वर्षानुवर्षं उभी राहिलेली. तिचे सील वाळून कडक झालेले, पेट्रोलच्या टाकीत गंज. ताडोब्याच्या सफारीत फिरलेली गाडी आयुष्यभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धूळ खात चालते. तिथे क्लच, एअर फिल्टर आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आधी बघायची. कोकणातल्या गाडीचं इंजिन चांगलं असेल, पण फ्लोअर आणि मागच्या शॅकलजवळची चासी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. सगळ्यांत धोक्याची, माझ्या मते, शहरातल्या हौशी मालकाची. रुंद टायर, उंच केलेले पाटे, चकचकीत बंपर. त्या थाटाखाली स्टिअरिंगचे कोन बिघडलेले असतात आणि विकणारा त्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणून वर पैसे मागतो.

जिप्सीचा गाजलेला आजार म्हणजे थरथर. ताशी पन्नास-साठचा वेग आला, एखादा खड्डा लागला, की स्टिअरिंग डावी-उजवीकडे असं झटकायला लागतं की हातात धरवत नाही. वेग कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. यावर गॅरेजात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे नवा स्टिअरिंग डँपर. डँपर बसवला की थरथर थांबते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पाच-सहा महिन्यांनी ती परत येते, कारण डँपरचं काम झटके शोषण्याचं. झटके निर्माण कुठे होतात याच्याशी त्याचा संबंध नाही. जुन्या जिप्सीचे निम्मे आजार असे आधीच्या दुरुस्त्यांनी झाकलेले असतात. नवा डँपर चमकताना दिसला तर मी गाडीची किंमत वाढवत नाही, कमी करतो.

शोधायची रीत ठरलेली आहे आणि तिला स्कॅनर लागत नाही. आधी टायर: पुढचे मागे, मागचे पुढे टाकायचे. थरथरीचा वेग बदलला तर दोष टायरात किंवा बॅलन्सिंगमध्ये. नाही बदलला तर पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, चाक वर आणि खाली धरून हलवायचं. प्ले जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं. तसाच राहिला तर किंगपिन. ब्रेकनं हब आणि नकल (चाकासकट वळणारा भाग) एकमेकांना जखडले जातात, म्हणून त्या दोघांमधला ढिलेपणा तेवढा लपतो, नकल आणि अ‍ॅक्सल यांच्यातला लपत नाही. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवायचं, तिथे टाय रॉड एंड बोलतात. शेवटी पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट.

किंगपिनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक फिटर तिथेच घाई करतात. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला, खांद्याच्या सांध्यासारखा, एक पोकळ लोखंडी गोळा असतो. त्याच्यावर नकल वर एक आणि खाली एक अशा दोन किंगपिन-बेअरिंगवर फिरतं. गाडी आयुष्याचा बराचसा काळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आदळून बेअरिंगच्या कड्यात बारीक खाचा पाडतात. टाय रॉड सोडवून नकल हातानं फिरवलं तर बरोबर मधोमध ते ‘बसतं’. अशी खाच लागली की बेअरिंग बदलायचंच. नुसते शिम काढून घट्ट केलं तर प्ले जातो खरा, पण स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भरकटते. नवी बेअरिंग बसवतानाही किती घट्ट हे अंदाजानं ठरवायचं नसतं. टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून, ओढून, नकल किती जोरानं हलायला लागतं ते मोजतात. मॅन्युअलमध्ये तो आकडा दिलेला आहे. काटा न काढता ‘झालं साहेब’ म्हणणाऱ्याकडे गाडी पुन्हा नेऊ नये.

त्याच गोळ्याच्या मागून काळपट चिकट ओघळ दिसत असेल तर ते ग्रीस की तेल, हे बोटावर घेऊन बघावं. नकलमध्ये ग्रीस असतं, अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियलचं तेल. दोघांमधला आतला सील गेला की तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ करतं आणि बाहेरचं फेल्ट भिजवून वाहायला लागतं. बाहेरचं फेल्ट नि रबर बदलणं सोपं, म्हणून तेवढंच बदलतात. आतला सील बदलायला शाफ्ट ओढून काढावा लागतो, म्हणून तो राहतो. आणि नवा सील आठवड्यात फुटला तर अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर तपासा. चिखलानं ती छोटी नळी बुजली की गरम तेलाची वाफ सीलमधूनच वाट काढते. पंचवीस-तीस रुपयांच्या नळीपायी लोक तीन-तीनदा सील बदलताना मी पाहिले आहेत.

पाण्यातून गेल्यावर याच ब्रीदरचा उलटा खेळ होतो. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. पावसाळ्यात गाडी पाण्यात घातली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणारी पेटी) यांचा प्लग ढिला करून चार थेंब काढावेत. रंग दुधाळ चहासारखा असेल तर तेल लगेच बदलायचं; बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

मधल्या भागात जिप्सीची एक वेगळीच रचना आहे. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसून वेगळी, रबरी माउंटवर टांगलेली आहे, आणि दोघांना एक आखूड शाफ्ट जोडतो. पुढचा नि मागचा धरून तीन शाफ्ट, प्रत्येकाला दोन, म्हणजे सहा क्रॉस (सांधे). गाडी निघताना ‘खट्’, गिअर बदलताना पुन्हा ‘खट्’ वाजलं की क्रॉस गेला म्हणतात, आणि बऱ्याचदा तो गेलेला असतोच. पण माउंटचं रबर फाटलं असेल तर ट्रान्सफर केस जोर पडताच वाकडी होते आणि आवाज तोच येतो. दांडा आपोआप न्यूट्रलला उडी मारतो तेव्हाही आतले गिअर काढण्याआधी माउंट बघावेत. सगळा खर्च तिथेच वाचतो. ‘किंग’ची ट्रान्सफर केस हायमध्येही १.४०९ आणि लोमध्ये २.२६८ असं गुणोत्तर देते. म्हणजे ताकद नेहमीच दात्यांमधून जाते, थेट कधीच नाही. त्यामुळे हमरस्त्यावर जी हलकी सूंऽ ऐकू येते ती या गाडीची प्रकृती आहे. नव्या मालकांनी तिच्यामागे लागू नये.

आता दांड्याबद्दल. फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरायला बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं. चिखलात टायर घसरून हा फरक मिटवतात. डांबरावर ते घसरत नाहीत, आणि मग सगळा ताण शाफ्टांत पिळासारखा साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी स्वतःलाच अडवते, दांडा परत टू-व्हीलला येत नाही. अशा वेळी लोक दांड्याला लाथा घालतात. त्याऐवजी सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्यावं. पीळ सुटतो आणि दांडा दोन बोटांनी येतो. याउलट ज्यानं तो दांडा वर्षभर हलवलाच नाही, त्याचं लिंकेज गंजतं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर-व्हीलमध्ये चालवणं, ही सगळ्यांत स्वस्त सर्व्हिसिंग आहे.

हेच तत्त्व नव्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत लपून बसतं. २०१४मध्ये आलेल्या डस्टर एडब्ल्यूडीत मागच्या अ‍ॅक्सलपाशी विजेवर चालणारा क्लच आहे. कॉम्प्युटर गरजेप्रमाणे तो पकडतो नि सोडतो. अशा जुन्या गाडीला दोन टायर नवे आणि दोन झिजलेले घातले की घेर वेगळे पडतात, क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो आणि तापतो. म्हणून सेकंड-हँड एडब्ल्यूडी घेताना चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का, हे ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा आधी बघावं. बंद पडल्यास दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नये, फ्लॅटबेडच मागवावा.

कागदांचं एकच. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. लिलावाच्या गाडीत चासी नंबर गंजानं पुसट झालेला असेल तर आरटीओत अडतं. व्यवहाराआधी तो नंबर पेन्सिलीनं कागदावर उतरवून घ्यावा.

आणि गाडी घेतल्यावर पैसे कुठून घालायला सुरुवात करायची? टायमिंग बेल्टची नोंद नसेल तर तो बदलायचा, सगळी तेलं काढून नवी भरायची, ब्रेक उघडायचे. मग किंगपिन आणि व्हील बेअरिंग, मग सील. पाटे त्यानंतर. बंपर, दिवे, विंच यांच्यासाठी काही उरलं, तर पुढच्या वर्षी.