‘मिआझ्मा’ म्हणजे विटाळच!

वैद्यकाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘मिआझ्मा’ हा शब्द भेटतो. अर्थ दिलेला असतो : कुजक्या पदार्थांतून निघून रोग फैलावणारी दूषित हवा. पण मूळ शोधू गेले की हाताला वेगळेच लागते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डाग, म्हणजे सरळ विटाळ! आमच्या आजीला त्यासाठी कोश उघडावा लागला नसता.

प्राचीन ग्रीसमध्ये खून, मृत्यू, बाळंतपण यांचा विटाळ मानीत. सोफोक्लिसच्या ‘राजा ईडिपस’मध्ये थीब्ज नगरीत साथ येते ती खुन्याच्या विटाळामुळे. मात्र तिथे खुनाचा डागही शुद्धिविधीने धुता येई. आपल्याकडे तो अख्ख्या जातींना जन्मानेच चिकटवला आणि धुण्याची वाट ठेवली नाही.

पुढे हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी हा शब्द हवेला लावला. एकोणिसाव्या शतकातही युरोपात पटकीचा, हिवतापाचा दोष दुर्गंधीलाच दिला जाई. ‘मलेरिया’चा इटालियन अर्थही ‘वाईट हवा’च. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून पसरल्याचे दाखवले. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात सापडले. ‘मिआझ्मा’ शास्त्रातून बाद झाला.

मग मारणारी हवा नसतेच काय? असते; ती गटारात असते. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वास गेला असे वाटते आणि माणूस कोसळतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात उतरवण्यावर बंदी आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी माणसे उतरवली जातात, मरतात. ती कोणत्या वस्तीतली, हे या वाचकांना सांगायला नको.

ज्यांचा विटाळ मानला, त्यांनाच विषारी हवेत उतरवले. या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच माणसाच्या वाट्याला आले. म्हणून वर्गात हा शब्द आला की मी मुलांना दोन्ही अर्थ सांगतो. पहिला अर्थ बाद झाल्याशिवाय दुसऱ्याने मरणारी माणसे थांबणार नाहीत.